नेस्टचं पासबुक आणि भाड्याचा अर्ज

मेनाने चॅपलला जाताना घालायचे हातमोजे काढले आणि कौन्सिलच्या टेबलावर, भाड्याच्या मदतीचे अर्ज तपासणाऱ्या प्रॉसरसाहेबांच्या चष्म्यासमोर, पासबुक उघडून ठेवलं. तिची दहा वर्षांची लेक नेस्ट पासबुकाच्या कोपऱ्यावर एक बोट दाबून शेजारी उभी राहिली. पुस्तक तिचं होतं. परक्याच्या हाती ते एकटं सोडायची तिची तयारी नव्हती.

“मला हे लपवायचं नव्हतं,” मेना म्हणाली.

लपवायचा सल्ला शेजारच्या बेटीमावशीचा. कारखाना बंद पडून मेनाची नोकरी गेली, दोन महिन्यांचं भाडं थकलं आणि घरमालकाने महिनाअखेरची मुदत दिली, तेव्हा घरभाड्याच्या मदतीचा अर्ज मावशीनेच आणून दिला होता. पोरीच्या पैशांचं तेवढं नाव काढू नकोस, असंही वर बजावलं होतं. पण मेना पडली उपदेशकाची लेक. तिचे वडील प्रवचनाला उभे राहिले, की बोलता बोलता सूर चढायचा, शब्दांचं गाणं व्हायचं आणि मागच्या बाकावरचा नास्तिकसुद्धा डोळे पुसायचा. अशा माणसाच्या लेकीने अर्जातला बचतीचा रकाना कोरा कसा सोडावा?

खरं तर अडचणही त्यांनीच करून ठेवली होती. स्वतःचं घर विकून आलेले अठरा हजार पौंड म्हातारबुवांनी लेकीला न देता नातीच्या नावावर ठेवले. लेकीचा हात देवाने फारच सढळ केला होता. तिच्याकडे आले असते, तर पहिल्याच रविवारी ते पैसे चॅपलच्या छपरावर जाऊन बसले असते.

प्रॉसरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलाचे पैसे ते मुलाचेच, आईच्या अर्जात धरत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मेनाने डोळे मिटले. तिचे ओठ हलले.

साहेबांचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. नाव मुलीचं आणि वापर आईचा असा प्रकार असला, तर पैसे आईचेच धरावे लागतात. आणि एवढी रक्कम आईची ठरली, तर मदत मिळायची नाही.

“कधी काढलेत यातून?”

मेनाने हातमोज्यांची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“एकदा. फेब्रुवारीत, गॅसच्या बिलाला. साठ पौंड.”

साहेबांचं पेन थांबलं.

“तिने नाही काढले,” नेस्ट म्हणाली. “मी दिले. ती गायली म्हणून.”

नववर्षाच्या सकाळी त्यांच्या खोऱ्यातली पोरं दारोदार गात हिंडतात आणि घराघरांतून बिदागी घेतात. बाराचा ठोका पडला की गाणं बंद, बिदागीही बंद. नेस्टने तोच कायदा घरात बारा महिने लावला होता. आईला पैसे हवे असतील, तर तिने नेस्टच्या खोलीबाहेर उभं राहून गायचं, तेही बाराच्या आत. मग नेस्ट बँकेतून पैसे काढायच्या स्लिपवर सही करणार.

“किती मागितले होते तिने?”

“एकशेवीस.”

“आणि साठच दिलेस?”

“दुसरं कडवं विसरली.”

प्रॉसरसाहेबांनी नाक खाजवलं आणि सावकाश लिहिलं: आई कडवं विसरल्याने मागितल्याच्या निम्मेच मिळाले, सबब पैसे मुलीचे. भाड्याचं काम आता झाल्यातच जमा होतं. पण मेनाने मान वाकडी करून उलटं अक्षर वाचलं.

“साहेब, तेवढं दुरुस्त करा. विसरले नव्हते मी. खोकला आला होता.”

“विसरली होतीस,” नेस्ट म्हणाली.

“खाली सही मला करायची आहे, नेस्ट. खोट्यावर करायची नाही.”

साहेबांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं.

“कुठलं कडवं?”

मेनाने मागे थांबलेल्या अर्जदारांच्या रांगेकडे पाहिलं, घसा खाकरला आणि अगदी खालच्या आवाजात सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला रांगेतल्या छत्रीवाल्या गृहस्थाने खालचा सूर धरला. मग आणखी दोघी मिसळल्या. कुणी गात असताना आपण गप्प बसणं त्या खोऱ्यात पाप समजतात. साहेबांचं पेन टेबलावर ठेका धरून होतं. कडवं शेवटच्या शब्दापर्यंत पुरं झालं.

नेस्टने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी होते. तिने दप्तरातून उरलेल्या साठ पौंडांसाठी पैसे काढायची स्लिप काढली आणि पासबुक स्वतःकडे ओढलं.

“पोरी,” प्रॉसरसाहेब हलकेच म्हणाले, “ते आत ठेव आधी. माझी सही व्हायची आहे अजून.”