वळणाला विचारून जा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पुढे पितळेचा कर्णा, मागे रबराचा काळा फुगा आणि मध्ये पातळ पितळी जिभली, एवढाच माझा संसार. फुगा दाबला की हवा जिभलीवरून धावते आणि मी बोलतो. मला डोळे नाहीत. मी ऐकतो, आणि मला दाबणारा हात ओळखतो. हात ओळखण्यात मी आजवर कधी चुकलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावर तुमचा सहजी विश्वास बसायचा नाही.

मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात मी जन्मलो आणि एका ट्रकवर बसून पुष्कळ मुलूख ऐकला. ट्रक मोडीत निघाला तसा मीही महाडच्या एका भंगारवाल्याकडे येऊन पडलो. गंजक्या पत्र्यांखाली किती काळ गेला कोण जाणे. एक दिवस एका हाताने मला वर उचललं आणि दोनदा दाबलं. जाड अंगठा, दणकट मधलं बोट आणि त्या दोघांच्या मध्ये अर्धीच उरलेली तर्जनी. जीपच्या पंख्याने तिचा घास फार पूर्वी घेतला होता, असं मला मागाहून कळलं.

"बॅटरी पावसात रुसते," तो हातवाला माणूस भंगारवाल्याला म्हणाला. "याला रुसायला काय हायच नाय."

हे तुडीलचे युसुफभाई. पोलादपूर ते कुडपण अशी त्यांची प्रवासी जीप चाले. त्यांनी मला उजव्या खिडकीबाहेर बसवलं, म्हणजे नजर रस्त्यावरून न काढता हात माझ्यावर पडावा. तेव्हापासून मी त्यांचा झालो.

आंबेनळीच्या रस्त्यावरून फुटून कुडपणच्या पठाराकडे चढताना जांभळीचं वळण लागतं. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. पलीकडची गाडी नाकासमोर येईस्तोवर दिसत नाही. तिथे सरकारने 'हॉर्न वाजवा' अशी पाटी लावलेली आहे. पाट्या वाचणारे थोडे, पाळणारे त्याहून थोडे. युसुफभाईंना मात्र पाटीची गरज नव्हती. वळणाआधी ते गाडी हळू करत, मला दोनदा दाबत आणि थांबत. जीपमध्ये भाताची पोती असोत, बांधलेल्या कोंबड्या असोत की लग्नाचं वऱ्हाड असो, त्या वळणाला सगळे चिडीचूप होत. कुडपणची शकू बोलायला लागली की घाट संपे पण बोलणं संपत नसे, तीसुद्धा तिथे तोंडाला पदर लावी. पलीकडून भोंगा आला, तर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. उत्तर आलं नाही, तर डावी बाजू धरून पुढे निघायचं.

शकूचा नवरा चांगू भारी उतावळा. एकदा तो करवादला, "युसुफभाय, कोण नाय पलीकडं. चला की!"

"तू बघितलंस?"

"नाय."

"मग वळणाला विचारू दे. विचारल्याबिगर कुणाच्या घरात शिरतो का रे आपण?"

पण गंमत पाहा, पुढे तोच चांगू नव्या उतारूंना दटावू लागला. वर पठारावर माझा आवाज पोचला की बायका म्हणत, "युसुफभाय जांभळीला आला गो," आणि चुलीवर चहाचं आधण चढे. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवसांत मी मनातून फुगून असे.

युसुफभाईंचा मुलगा अरफात याच जीपवर गाडी शिकला. त्याचा हात बापासारखाच होता, फक्त तर्जनी पुरी. तो आखातात गेला, मोठमोठे ट्रेलर चालवू लागला. एकदा रजेवर आला तेव्हा जीपमध्ये बापाशेजारी बसून हसत होता.

"अब्बा, तिकडं हॉर्न मारला तर लोक असं बघतात, जसं आपण शिवीच दिली. आणि गाडी सगळी उजव्या बाजूनं."

"तिकडचं तिकडं," युसुफभाई म्हणाले. "रस्ता ज्या गावचा, नियम त्या गावचा. पण एक ऐक. डोकं गावाला लवकर परत येतं, हात येत नाय. हातांना सांगत जा."

अरफात पुन्हा हसला. म्हाताऱ्यांचं बोलणं पोरांना एका कानाने ऐकायची सवयच असते.

पुढे युसुफभाई आजारी पडले. जीप विकली गेली, पण त्यांनी मला काढून घेतलं आणि खाटेच्या पायाशी टांगून ठेवलं. कधी कधी ते मला दाबत. त्या हातात जोर राहिला नव्हता, माझ्या पोटातून नुसती फुंकर निघे. एका दुपारी तो हात माझ्यावर होता आणि मग नव्हता. घरात रडारड सुरू झाली तेव्हा मला कळलं.

दफन झाल्यावर काही दिवसांनी चांगू तुडीलला भेटायला आला. युसुफभाईंच्या बायकोने, नुरजहाँभाभींनी, मला उतरवून त्याच्या हातात दिलं.

"तू ने याला," त्या म्हणाल्या. "घरात नको मला. रात्रीचा वाजतो. वाटतं, ते आले."

"वाऱ्यानं वाजत असंल, भाभी."

"असंल," भाभी म्हणाल्या.

मित्रांनो, मी वाऱ्याने वाजत नाही. मला दाबावं लागतं. आणि युसुफभाई गेल्यावर त्या घरात मला कोणी दाबल्याचं मला आठवत नव्हतं. भाभी दुःखाने भ्रमिष्ट झाल्या असतील, असंच मी तेव्हा मनाशी म्हटलं.

चांगूने मला वळणावरच्या जांभळीला तारेने बांधलं. "युसुफभायची खूण ऱ्हाऊ दे इथं," एवढं बोलून तो निघून गेला. सुरुवातीला ओळखीचे ड्रायव्हर थांबून मला दाबत. मग नव्याचे नऊ दिवस संपले. उन्हाने माझा फुगा तडकला आणि एक दिवस फाटला. कर्ण्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं. शेजारच्या सरकारी पाटीवर कुणा होतकरू नेत्याच्या वाढदिवसाचा फलक लागला, तो तसाच राहिला. गाड्या काचा लावून, गाणी लावून वळणाला न विचारता जाऊ लागल्या. मी मुका होऊन ऐकत होतो.

आषाढातली ती दुपार. पठारावरून धुकं उतरलं की इथले आवाज बदलतात. जवळचं लांब वाटतं आणि लांबचं अगदी कानाशी येतं. खालून एक मोटार चढत होती. बंद काचांआडून गाणं घुमत होतं, एक लहान मुलगी त्या गाण्यामागे गुणगुणत होती, आणि तिला "अफशा, नीट बस" म्हणणारा आवाज माझ्या ओळखीचा होता. अरफात! बहीण आफियाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला तो लेकीला घेऊन चांगूकडे निघाला होता. वळण जवळ आलं. आता वाजवेल, मी म्हटलं. बापाचा मुलगा आहे, वाजवेलच. त्याने वाजवला नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला. तो इंजिनाचा नव्हता. ओल्या डांबरावर टायरांची नुसती चरचर येत होती. कुणीतरी डिझेल वाचवायला इंजिन बंद करून भरली गाडी उतारावर सोडली होती. वरच्याला खालचा ऐकू येत नव्हता आणि खालच्याला वरचा. दोन्ही आवाज माझ्या अंगावर येत होते. मी ओरडणार कशाने? फुगा फाटलेला, तोंडात माती. आयुष्यात मला कधी एवढी भीती वाटली नव्हती.

आणि माझ्यावर हात पडला.

थंड हात होता. विहिरीच्या तळाचं पाणी असतं तसा. जाड अंगठा. मधलं बोट. आणि ते अर्धं बोट माझ्या फाटलेल्या जागेवर येऊन असं नेमकं टेकलं की भोक बुजून गेलं. हाताने मला दोनदा दाबलं. मी वाजलो, मित्रांनो. तरुणपणी वाजत होतो तसा, दरी भरून वाजलो.

खाली ब्रेक किंचाळले, वरही किंचाळले. मग गाणं थांबलं आणि एक दार उघडलं.

"ओ, उजवीकडनं कुठं घालताय गाडी?" वरून उतरलेला ओरडला. तो चांगूचा मुलगा अनिल, पिकअप चालवतो. जवळ आल्यावर त्याचा आवाज खाली आला. "अरफातभाय? तुमी?"

अरफातही खाली उतरला. "मी डावीकडंच होतो रे. धुकं आलं आणि... हात कधी उजवीकडं वळले, कळलंच नाय." मग त्याने विचारलं, "भोंगा तू दिलास?"

"मी? मला वाटलं तुमी दिलात. म्हणून तर ब्रेक मारला."

धुक्यातून पाण्याचे थेंब तेवढे ठिबकत होते. मोटारीतून अफशा म्हणाली, "पप्पा, परत वाजवा ना."

दोघे जांभळीपाशी आले. अनिलचं बोट माझ्या फाटलेल्या फुग्यात आरपार गेलं. "हा वाजंल कसा? तोंडात बघा, माशीचं घर जसंच्या तसं हाय." मग तो एकदम कुजबुजला. "अरफातभाय, हे बघा. सगळा भोंगा भिजलाय. इथं तेवढा कोरडा हाय. इथं, आणि इथं. आणि हा तिसरा ठसा... हा अर्धाच हाय."

अरफातने माझ्यावर हात ठेवला. अंगठा अंगठ्याच्या जागी बसला, मधलं बोट मधल्याच्या. तर्जनी त्याने दुमडून घेतली. मग तो पोटच्या पोरीसमोर, भर रस्त्यात, ओक्साबोक्शी रडला.

दुसऱ्याच दिवशी त्याने महाडहून नवा फुगा आणून मला बसवला, कर्णा चिंचेने घासून लख्ख केला आणि पाटीवरचा तो वाढदिवस फाडून दरीत भिरकावला. अनिलने उतारावर इंजिन बंद करणं सोडलं. जायच्या आधी अरफातने मला दोनदा दाबलं आणि हळूच म्हणाला, "अब्बा, आता आमी वाजवतो. तुमी आराम करा." त्या क्षणी माझ्यावरून काहीतरी उठून गेलं. मला खूप हलकं वाटलं, आणि खरं सांगतो, खूप एकटंही वाटलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! आफियाचं लग्न झालं, अरफात आखातात परत गेला. तो पावसाळाभर येणारा-जाणारा प्रत्येक जण वळणाला विचारून जाई. मग दिवाळी आली, पाहुण्यांच्या गाड्या आल्या, कुणाला उशीर होत होता, कुणाच्या कानाला मोबाइल होता. एका संध्याकाळी धुक्यात एक गाडी न वाजवता वळणाशी आली, आणि माझ्या नव्या रबरावर तो थंड हात पुन्हा पडला.

तेव्हापासून तो येतोच आहे. मित्रांनो, मला त्या हाताची भीती वाटत नाही, दया येते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना सुखरूप घरी पोचवलं, त्याला मेल्यावरही तुम्ही घरी जाऊ देत नाही. पूर्वी तो मला एका झटक्यात दाबायचा. आता दुसऱ्यांदा दाबायला बोटं उशीर लावतात. एखाद्या दिवशी जोर पुरला नाही, तर मी काय करू?

म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो. तुम्ही मोठे व्हाल, गाडी चालवाल. वळणाआधी वेग कमी करा. हॉर्न वाजवा आणि ऐका. आपली डावी बाजू सोडू नका, चढणाऱ्याला आधी वाट द्या. आज घरी जाल तेव्हा गाडी चालवणाऱ्या वडिलांना, मामाला, काकाला हे सांगा. तुम्ही वाजवलंत, तर त्याला वाजवावं लागणार नाही.

आता बोलणं आवरतं घ्यायला हवं. धुकं उतरलं आहे. खालून एक गाडी चढते आहे, काचा बंद आहेत, आत कुणीतरी हसतं आहे. वळण जवळ आलं. तिने अजून हॉर्न दिलेला नाही.

माझ्यावर अंगठा टेकला आहे. मधलं बोट टेकलं आहे. तिसऱ्याची मी वाट पाहतो आहे.