ढोकीला गेलेला ओटीपी

शरणबसप्पाकाकांनी आमच्या समाजासाठी वधूवरांची वेबसाईट काढली आणि बोहनी म्हणून पहिलं नाव माझं टाकलं, मला न विचारता. मी जेमतेम पाच फूट. काकांनी पाच फूट पाच इंच लिहिलं, कारण पुतणीच्या बाबतीत त्यांना कंजूषपणा जमत नाही. 'अपेक्षा' या रकान्यात त्यांनी 'सरकारी नोकरी, वर्ग एक, अथवा परदेश' असं ठोकून दिलं. वर माझा फोटो, खाली लुकलुकणारी हिरवी पट्टी: 'स्थळ उपलब्ध'.

पुढं माझं लग्न ठरलं ते नळदुर्गच्या महांतप्पांच्या विरेशशी. महांतप्पांचं पेंडीचं दुकान आहे आणि विरेश विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करतो. बघायला आला तेव्हा त्याच्या नखांत काळं वंगण होतं. ते दिसू नये म्हणून त्यानं हात मांडीखाली दाबून धरले होते आणि समोरचे पोहे पार गार झाले. मला तो आवडला. लाजबिज सोडून सांगते, फारच आवडला.

रविवारी आमच्या गावी, जळकोटला साखरपुडा ठरला. त्याच आठवड्यात महांतप्पांच्या भाच्यानं त्यांना ती हिरवी पट्टी दाखवली आणि त्यांचा काकांना फोन आला.

"शरणबसप्पा, पोरीला अजून बाजारात मांडून ठिवलंय व्हय? वर्ग एकवाला आला की आमाला नारळ देणार का? शनवारपस्तोर ते नाव निघालं तर ठीक, न्हायतर आमी काय येत न्हाय."

ते रागावले असते तर मीही रागावले असते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ते दुखावले होते.

नाव काढायला एक बटण पुरतं. पण त्या बटणापर्यंत जायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, आणि काका तो विसरले होते. "कुणालाबी वळखता येऊ नये असा ठिवला होता," असं वर अभिमानानं म्हणाले. साईट बनवणारा इंजिनिअर परदेशी गेलेला, फोन उचलेना. काकांनी म्हशीच्या नावापासून काकूच्या नावापर्यंत सगळं घालून पाहिलं. म्हशीचं नाव काकूच्या आधी घातलं म्हणून घरात वेगळंच महाभारत झालं.

उरला एकच रस्ता: 'पासवर्ड विसरलात?' ते दाबलं की नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो. नोंदवलेला नंबर काकांचा जुना होता. मुलींचे बाप दिवसभर फोन करून डोकं खातात म्हणून काकांनी ते सिम फेकून दिलं होतं, कंपनीनं तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी दिला होता, आणि साईटवर मात्र तोच राहिला होता. मी काकांकडं बघितलं. काका छताकडं बघत होते.

मी ते दाबलं आणि लगेच तो नंबर लावला. रिंग वाजायच्या आधी कंपनीची बाई मला बजावू लागली, "आपला ओटीपी कोणालाही सांगू नका." मी निमूट ऐकून घेतलं. मग खरी बाई बोलली.

"कोण पायजे? हितं वधूवर मंडळबिंडळ न्हाय. ढोकीच्या कारखान्यासमोरचं च्याचं हॉटेल हाय."

"मावशी, तुमच्या मोबाईलवर आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा…"

फोन कट. परत लावला, परत कंपनीच्या बाईचं प्रवचन, परत कट. तिचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

शनिवारी सकाळी काकांच्या गाडीत बसून आम्ही ढोकी गाठली. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि रांगेच्या शेजारी पत्र्याखाली म्हाळसाबाई चहा उकळत उभ्या. मी तोंड उघडताच त्यांनी आवाज ओळखला.

"फोनवरची चोरटी तूच व्हय गं?"

काका माझ्यामागं लपायला लागले. पाच फुटांच्या मुलीमागं सहा फुटांचा काका! मला हसू आवरेना, आणि हसणारी चोरटी तर त्यांना आणखीच पोचलेली वाटली असणार. मी साईटवरचा माझा फोटो दाखवला. "फोटू कुणाचाबी लावता येतो." आधार कार्ड दाखवलं. "त्येबी डुप्लिकेट निघत्यात." मग मी सगळी हकिगत सांगितली, विरेशच्या नखांसकट. त्यांनी चहा दिला, वर आणखी एक दिला, पण फोन पदराआड गेला तो गेलाच.

"पोरी, तू ग्वाड बोलतीस. चोरबी ग्वाडच बोलत्यात. माझ्या वळखीचं कुणी सांगंल तर देते."

"तुमच्या ओळखीचं आम्ही कुठून आणू, मावशी?"

"हे सिम घेतल्यापास्नं रोज पोरींचे न् पोरांचे बाप फोन करत्यात. राँग नंबर म्हटलं की शिव्या घालून ठिवत्यात. एकच माणूस नीट बोलला. म्हणला, राँग तर राँग, तुमी बाईमाणूस हाव, पोरगी बघाया गेल्यावर काय इचारावं तेवढं सांगा. म्या म्हटलं, काय इचारू नगा, पोरगी हसती का तेवढं बघा. तवापास्नं अधनंमधनं फोन करत्यात. नळदुर्गचे महांतप्पा. त्येंनी हां म्हटलं, की दिला तुला ओटीपी."

"यप्पा!" काका मटकन बाकड्यावर बसले.

सगळ्या जिल्ह्यात या बाईला तोच एक माणूस भरवशाचा वाटावा! मला एकदम आठवलं, बघायला आले तेव्हा महांतप्पांनी मला खरंच एकही प्रश्न विचारला नव्हता. काका म्हणाले, "परत जाऊ." मी म्हणाले, "लावा फोन, मावशी." भीती वाटत होती आणि तरी आतून उकळ्या फुटत होत्या, असलं काहीतरी विचित्र झालं होतं मला.

म्हाळसाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"अप्पा, हितं एक पोरगी आलीया. जळकोटची शिवप्रिया म्हणती. खरी हाय का?"

पलीकडून पंख्याच्या आवाजात महांतप्पा म्हणाले, "कशाला आलीया?"

"त्या साईटीवरचं तिचं नाव काढायचंय म्हणं. त्येचा ओटीपी माझ्याकडं येतोय. म्या देत न्हाय."

"त्येच्यापायी ढोकीला आली?"

"आली की. सोबत तिचा काका हाय, त्यो बसलाय गप."

मी ओढणीचं टोक चावत उभी.

"मग मला काय इचारता बाई," महांतप्पा म्हणाले. "सून हाय ती आमची. देऊन टाका."

सून! काका उठून उभे राहिले. म्हाळसाबाई आकडे वाचत होत्या आणि मला दोन कुठं अन् सात कुठं कळत नव्हतं. कसेबसे घातले, तर साईट म्हणाली, मुदत संपली. नवा मागवला, तर गोल चक्र फिरतच राहिलं. मी पाय आपटले, रेंजला आणि काकांना एकाच दमात शिव्या दिल्या, आणि फोन अजून चालूच आहे हे नंतर लक्षात आलं.

"मामा, निघत नाहीये अजून," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "पण संध्याकाळच्या आत काढतेच बघा."

महांतप्पा हसत होते. चांगले मोठ्यानं हसत होते.

"निघू दे, न्हायतर ऱ्हाऊ दे तसंच, पोरी. उद्या आमी येताव."