नवी मोटार आणि उलटा फेरा

मी एक जुना ब्लोअर आहे. ब्लोअर म्हणजे काय हे यवतमाळात पुष्कळांना ठाऊक नव्हते, तेव्हा तुम्हीही लाजू नका. माणसाहून उंच, गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली पत्र्याची पेटी. तिच्यात बारीक वाकड्या पात्यांचे पिंजऱ्यासारखे चाक. आणि चाक फिरवायला बाजूला विजेची मोटार. चाक फिरले की मी वारा फेकतो. नाही फिरले की मी नुसता पत्रा. मित्रांनो, मला स्वस्थ बसणे जमत नाही. जन्मच वाऱ्यासाठी झालेल्याला ते जमावे तरी कसे?

१९५६ साली मुंबईच्या एका कारखान्यात मला ठोकून-ठोकून आकार दिला आणि मुर्तिजापूरहून छोट्या गाडीने यवतमाळला पाठवले. गाडी इतकी सावकाश चाले की उतारू खाली उतरून बोरे तोडीत आणि चालत येऊन पुन्हा आपल्याच डब्यात चढत. मी फळ्यांमध्ये बांधलेला होतो म्हणून, नाहीतर उतरून गाडी ढकलली असती.

बापूजींच्या टॉकीजच्या मागच्या भिंतीत मला बसवले. उन्हाळ्यात माझ्या पाठीशी वाळ्याचे ओले पडदे असत, हिवाळ्यात माझ्या तोंडाशी विजेच्या तारांची वेटोळी तापत. दारावर पाटी लागली: 'उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम.' ती वाचून एक म्हातारा म्हणाला, "याच्या उलटं त आमच्या घरीच हाय, फुकट."

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. नेर गावाकडचे शेतकरी कापसाच्या कामाला आले की माझ्यासमोरची जागा धरत आणि तीन तास झोपून ताजेतवाने परतत. देवसिंग नावाच्या एका गाडीवानाने तर मध्यंतरात येऊन विचारले होते, "बापूजी, तो समोरचा शिनेमा बंद करता येईन काय? उजेड डोयावर येते."

माझी देखभाल भीमराज मिस्त्री करी. मोटारींचे काम तो कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये शिकला होता. दर सोमवारी तो माझ्या पात्यांत अडकलेला कापूस काढी आणि बेअरिंगला कान लावून ऐके. त्याची आई तुळसाबाई बायकांच्या दारावर तिकिटे फाडी. मी जन्मलो त्याच वर्षी ही मायलेकरे नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. बापूजी वाईट माणूस नव्हते. भीमराजला ते 'मिस्त्री' म्हणत, सणाला धोतरजोडी देत. एवढेच, की भीमराजने पाण्याचा पेला पुढे केला की त्यांना नेमकी तहान नसे.

१९६३ च्या चैत्रात माझ्या मोटारीचे बेअरिंग करकरू लागले. भीमराज तीनदा सांगून आला, "बापूजी, गिरीस पायजे." तिन्ही वेळा बापूजी म्हणाले, "चालून राह्यलं ना? मंग चालू दे." मी चालत राहिलो. वैशाखात मोटार जळाली. आधी धूर निघाला, मग मी थांबलो. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. मला वाटले, माझ्यासाठीच असाव्यात.

नवी मोटार यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी कसे काढले, माझे मला ठाऊक. दार उघडले की कुणीतरी मोटार घेऊन आले असे वाटे, आणि यायचे मांजर. भीमराजही तसाच येरझारा घाली. एकदा तर त्याने सगळे नट काढून, पुसून, परत लावले, हाताला काम हवे म्हणून. जुनी मोटार उतरवताना त्याने माझ्या अंगावर खडूने एक बाण काढला होता, डावीकडे वळलेला. माझी पाती वाकडी आहेत. चाक त्या बाजूने फिरले तरच वारा पोटात धरून फेकता येतो.

मोटार आली, बसली. रविवारी दुपारच्या खेळाआधी ती सुरू करायची होती. पण त्याआधी पूजा व्हायची होती, आणि इथेच घोटाळा झाला. बापूजींच्या पत्नी मानीबाईंनी ओल्या फडक्याने मला स्वच्छ पुसले. नऊ दिवसांची धूळ गेली आणि तिच्याबरोबर बाणही गेला. मग हळदकुंकू, हार, नारळ. भीमराजने बटण दाबले. चाक डावीकडे फिरू लागले आणि थंडगार झोत सुटला.

"थांब, थांब!" बापूजी ओरडले. "हे उलटं फिरून राह्यलं."

"हेच सुलटं हाय, बापूजी. बाण काढून ठेवलता मी."

"कुठं हाय बाण?"

बाणाच्या जागी कुंकवाचे बोट होते.

"पूजा झालेल्या यंत्राचा पहिला फेरा डावा?" बापूजी म्हणाले. "देवाले आपण उलटे फेरे मारतो काय? बदल तारा."

भीमराजने पक्कड खिशात घातली. "मी नाही बदलणार. वारा मरून जाईन."

मग बापूजींनी पडद्यावर चित्र पाडणाऱ्या घनश्यामला बोलावले. या मोटारीला तीन तारा असतात, त्यांतल्या दोहोंची अदलाबदल केली की ती उलट फिरते. घनश्यामला एवढे येत होते. का करू नये, ते येत नव्हते. त्याने तारा बदलल्या. चाक उजवीकडे, प्रदक्षिणेच्या बाजूने फिरू लागले.

आता मित्रांनो, माझ्या जातीची एक खोड ऐका. साधा पंखा उलटा फिरवला तर हवा मागे ओढतो, आणि चूक ताबडतोब कळते. मी उलटा फिरलो तरी वारा पुढेच फेकतो. फक्त अगदी थोडा, दम्याच्या रोग्याने फुंकर घालावी तसा. बापूजींनी माझ्या तोंडाशी हात धरला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "येऊन राह्यली ना हवा?"

खेळ सुरू झाला. अर्ध्या तासात बायकांच्या बाजूने ओरड उठली, "बापूजी, पापड भाजून राह्यले काय आमचे?" मी जीव खाऊन फिरत होतो. जितका फिरे तितका तडफडे. ओरडून सांगावे तर तोंडातून निघायची फुंकर. मध्यंतरात लोक माझ्या तोंडाजवळच्या दारात जमले आणि बापूजींनी सगळ्यांसमोर बोट दाखवले.

"मिस्त्रीनं मोटार चुकीची बसवली. भीमराज, उद्यापासून येऊ नको."

भीमराज पान्हे एकेक करून फडक्यात गुंडाळू लागला. असे सांगून काढलेल्या मिस्त्रीला गावातली कुठली जिनिंग दारात उभे करणार होती?

तेवढ्यात तुळसाबाई फाटकावरच्या शेंगावालीचे सूप घेऊन आल्या. दारात शेंगांच्या टरफलांचा ढीग होता. त्या त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"मानीबाई, तुमी रोज धान्य पाखडता. इकडं पाहा." त्यांनी सुपाच्या पोटाने एक झपका मारला. टरफले उडाली ती थेट बापूजींच्या धोतरावर. मग त्यांनी सूप उलटे धरले आणि पाठीने तसाच झपका मारला. दोन-चार टरफले आळस दिल्यासारखी हलली.

"वारा आला का? आला. पाखडणं झालं का? नाही झालं. तुमी त्या पोट्ट्याच्या हाती तारा देऊन सुपाच्या पाठीनं पाखडून राह्यले."

"पोट्टा कोन?" घनश्याम म्हणाला. कुणी लक्ष दिले नाही.

मानीबाईंनी सूप हातात घेतले, दोन्ही बाजूंनी झपके मारले. बापूजी आणखी एकदा टरफलांनी माखले.

"अहो," त्या म्हणाल्या, "बाई बरोबर सांगून राह्यली. अन् बाण मीच पुसला असन."

बापूजींनी धोतर झटकले. बराच वेळ झटकले. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "मिस्त्री, पाहा बरं जरा."

भीमराजने मेन बंद केले, दोन तारा बदलल्या, बटण दाबले. मी पहिला श्वास असा घेतला की वाळ्याचे पडदे आत ओढले गेले, आणि सोडला तेव्हा मानीबाईंचा पदर उडून घनश्यामच्या तोंडावर बसला. आत बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मात्र माझ्यासाठीच होत्या.

माफी मागणे बापूजींच्या घराण्यात कुणी शिकले नव्हते. सोमवारी त्यांनी पाटी रंगवणाऱ्याला आणले आणि माझ्या अंगावर तेलरंगात लाल बाण काढून घेतला. खाली दोन ओळी लिहून घेतल्या आणि निघून गेले.

तुळसाबाईंना वाचता येत नव्हते. "काय लिवलं रे?"

"हात लावू नये, असं लिवलं."

"एवढंच? अक्षरं त लय दिसून राह्यली."

भीमराजचे कान तांबडे झाले. त्याने खाली पाहत वाचले, "भीमराज मिस्त्री यांना विचारल्याशिवाय कोणीही हात लावू नये."

तुळसाबाई त्या रंगाकडे पाहत राहिल्या. "हात लावू नका, हे आजवर लोक आपल्याले सांगत आले," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाच बरं."

त्याने पुन्हा वाचले.

मित्रांनो, बेअरिंग करकरले तर वेळीच ग्रीस द्या, आणि मोटार बदलण्याआधी बाण कुठे आहे ते पाहून घ्या. बाण पुसला गेला असेल, तर तो ज्याने काढला त्याला विचारा. तो बहुधा तिथेच उभा असतो.