लॉकरमधली वज्रटीक

गिरिजानं सासूबाईंना म्युझियम दाखवायला आणलं, त्यात प्रेमाचा भाग अजिबात नव्हता. पुण्याहून त्या येऊन आठवडा झाला होता, आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्या घरात दोघी भाजीत मीठ किती एवढ्यापुरत्याच बोलत होत्या. बाकीचं बोलणं भांडी आपटून व्हायचं.

कारण होतं वज्रटीक. गिरिजाच्या आईनं जाण्यापूर्वी स्वतःच्या गळ्यातली काढून तिच्या गळ्यात बांधलेली. तिच्या एका मण्याला पोचा होता. कडेवर बसून लहानग्या गिरिजानंच तो चावला होता. लग्नानंतर अमेरिकेला निघताना जोखीम नको म्हणून तिनं ती सासूबाईंच्या लॉकरमध्ये ठेवली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच, पण नव्या सुनेला ते सांगणार कोण? येताना टीक घेऊन या, असं ती फोनवर पुन्हा पुन्हा सांगत राहिली. सासूबाईंनी भाजणी आणली, लोणची आणली, लेकाचे, अनीशचे बनियनसुद्धा आणले. टीक तेवढी आणली नाही.

"बँकेत जायला सवड कुठे झाली?" त्या म्हणाल्या. "आणि त्या जुन्यापान्यात आहे काय? हल्ली घालतं कोण? मोडून पाटल्या कर छानशा."

त्या वाक्यानं गिरिजाची झोप उडाली. आपण काही बोललो की वाद, त्यापेक्षा सोनारानंच कान टोचलेले बरे, असं ठरवून तिनं शनिवारी अनीशला गाडी काढायला लावली. कोलंबसाच्या आधीच्या अमेरिकेतलं सोनं तिनं शिकत असताना न्यूयॉर्कला पाहिलं होतं. वॉशिंग्टनलाही आहे म्हणतात. पण ह्यूस्टनचा संग्रहही चांगला आहे, आणि तिथे जायला विमान लागत नाही.

बाहेर जुलैचा घाम, आत हुडहुडी भरवणारा एसी. अंधाऱ्या दालनात काचेमागे सोन्याचा बेडूक होता, नाकात घालायची चकती होती, छातीवर मिरवायचा पंख पसरलेला पक्षी होता. सासूबाईंनी बेडकाकडे मंडईतल्या किडक्या वांग्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"पोकळ आहे," त्यांनी निकाल दिला. "वजन नाही त्याला."

तिथली गोरी म्हातारी गाईड हौसेनं माहिती सांगत होती. अनीश आईसाठी मराठी करत होता. "स्पॅनिश लोक आले ना आई, त्यांनी असले दागिने मेल्ट करून विटा केल्या. हे कबरींमध्ये पुरलेलं होतं म्हणून वाचलं."

"ऐकलंत ना?" गिरिजा म्हणाली. "नुसतं वजन पाहिलं आणि मोडलं. आता सगळं जग हळहळतंय."

"जगाला हळहळायला काय जातंय? त्याला संसार करायचा नसतो."

टोमणा न कळण्याइतक्या त्या दूधखुळ्या नव्हत्या. त्यांनी पर्स उघडली आणि सोनाराच्या गुलाबी कागदाची पुडी सोडली. आत दोन पाटल्या होत्या, नव्याकोऱ्या.

"वाढदिवसाला देणार होते. पण मला शिकवायला इथवर आणलंस, तर आत्ताच घे. तुझ्या टिकेच्याच आहेत. निम्मी लाखच निघाली तिच्यात. तुझ्या आईनं पोकळच दिलं होतं, वरचं सोनं मी घातलं."

आईच्या गळ्याला लागून उबदार झालेले ते मणी आता कुठेच नव्हते.

"मला न विचारता?"

"अनीशला विचारलं होतं."

अनीशनं कॅमेऱ्यात डोकं खुपसलं. "आईचा फोन आला होता अगं. मला वाटलं, गोल्ड इज गोल्ड यार. तुला सरप्राइझ द्यायचं होतं."

सासूबाईंचा आला नाही एवढा राग तिला नवऱ्याचा आला. आठवडाभर ती टिकेसाठी त्याच्याजवळ रडत होती आणि हा पाठीवर हात फिरवत "देईल गं आई" म्हणत होता. असल्या माणसाबरोबर आपण एका ताटात जेवलो याची तिला किळस आली.

सासूबाईंनी तिचा हात धरून पाटली चढवायला घेतली. ती बोटांच्या गाठींवर अडकली.

"रुचाच्या मापाच्या आहेत," त्या सहज म्हणाल्या. रुचा म्हणजे गिरिजाची नणंद, डिसेंबरात तिचं लग्न होतं. "तुझं माप कुठे होतं माझ्याकडे? होत नसतील तर राहू दे. परत नेते, तिला होतील."

त्यांनी तळवा पुढे केला. गिरिजाच्या लग्नातला हिरवा चुडा याच बाईनं आणला होता, आणि तो अगदी मापात बसला होता.

गिरिजानं पाटल्या मुठीत आवळल्या आणि रेस्टरूम गाठली. दोन्ही हातांना साबण फासला, अंगठा तळव्यात दुमडला आणि दात आवळून एकेक पाटली रेटली. कातडं सोललं. पाण्याखाली हात धरल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पाटल्या मनगटात उतरल्या होत्या.

ती परत आली तेव्हा तिच्या हातांवरून रक्त ओघळत होतं. गाईड बाई पुढे झाली, तिला गिरिजानं मानेनंच नको म्हटलं.

"बसल्या," ती सासूबाईंना म्हणाली.

"माझंही सोनं आहे त्यात."

"मग घ्या काढून."

तिनं दोन्ही हात पुढे केले. "लोक बघतायत," अनीश पुटपुटला. सासूबाईंनी खरोखरच तिचं मनगट धरलं आणि पाटली ओढून पाहिली. ती सोललेल्या कातड्यापर्यंत आली आणि अडली. त्यांनी आणखी एकदा ओढली. गिरिजानं हात मागे घेतला नाही.