बाहेरची हवा

फुलंब्रीहून शहराकडे येताना, जिथं दोन्ही बाजूंची शेतं संपून प्लॉटिंगचे फलक सुरू होतात, तिथं दर अमावास्येला गाड्यांची जत्रा भरायची. नव्या कोऱ्या मोटारी, जुन्या जीपगाड्या, पिकअप, ट्रॅक्टर, सगळ्यांची तोंडं एका पत्र्याच्या मांडवाकडे. मांडवात ट्रकचे टायर एकावर एक रचून केलेल्या आसनावर श्री चाकनाथ महाराज विराजमान असत. अंगात भगवी कफनी, गळ्यात बेअरिंगच्या छऱ्यांची माळ आणि कपाळावर ग्रीससारखा काळा पट्टा. महाराजांनी हात लावला की मेलेली गाडी उठते, असा त्यांचा लौकिक होता.

आणि ती खरंच उठायची. एकदा गंगापूरकडच्या एका माणसाची रुपेरी मोटार आली. मांडवापर्यंत ती चांगली धावत आली होती, पण 'शुद्धी' झाली आणि मेली. चावी फिरवली की नुसतं घर्र-घर्र व्हायचं, इंजिन काही लागेना. महाराज सावकाश उठले. ताटातला अंगारा मुठीत घेतला, स्टिअरिंगखाली अर्धं अंग घातलं, काहीतरी पुटपुटले आणि बाहेर येऊन म्हणाले, "फिरव." चावी फिरली आणि इंजिन लागलं. तो माणूस महाराजांच्या पायांवर चिखलातच आडवा झाला.

चिखल अशासाठी, की प्रत्येक गाडीला आधी चक्राभिषेक घालावा लागे. त्यासाठी मांडवामागे पाण्याचा टँकर उभाच असे. तिथून दोन किलोमीटरवरच्या बोरदरी गावात चार दिवसांतून एकदा टँकर यायचा, आणि बायका हंड्यांच्या रांगा लावून उन्हात बसायच्या. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. गावात प्यायला पाणी नव्हतं आणि इथं चाकांवरून ओघळलेलं गढूळ पाणी तीर्थ म्हणून बाटल्यांत भरून घरी नेलं जात होतं. येता-जाता सुलेखा हे बघायची.

सुलेखा ही बोरदरीच्या कडुबांची लेक. कडुबांनी एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, आणि पोरगी त्यांच्या हातात पान्हे देत लहानाची मोठी झाली. आता ती एक जुनी व्हॅन चालवत होती. गावातल्या सात मुली बारावीला शहरात जात. सकाळची एसटी बंद झालेली, आणि जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत मुलींना पाठवायला घरचे तयार नव्हते. सुलेखाची व्हॅन होती म्हणून त्या शिकत होत्या. व्हॅन बंद म्हणजे कॉलेज बंद, आणि मग उन्हाळ्यात एकेकीचं लग्न उरकलेलं, हे काही कुणी वेगळं सांगायला नको होतं.

लोक एवढे भाबडे कसे झाले, याचं सुलेखाला राहून राहून नवल वाटे. बैल लंगडला तर खूर उचलून काटा शोधणारी ही माणसं. पण शहर वाढत आलं, जमिनी प्लॉटवाल्यांनी घेतल्या आणि दारात बैलांच्या जागी मोटारी आल्या. आठ दिवसांत गाडी चालवायला शिकले, पण तिच्या पोटात काय आहे ते कुणी उघडून बघितलं नाही. गाडी अडली की काटा शोधायचं सोडून नारळ शोधू लागले.

महाराजांनी ही नाडी बरोबर ओळखली होती. त्यांचं प्रवचन तर ऐकण्यासारखं असे. "बाळांनो, हे चाक नव्हं, कालचक्र हाय. चार चाकं म्हणजे चार पुरुषार्थ, आन् मागं बांधलेली स्टेपनी म्हणजे पुण्याई, अडल्या वेळंला तीच कामाला येते. स्टिअरिंग म्हणजे बुद्धी, ती गुरूच्या हाती द्यावी." ब्रेक म्हणजे काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांच्या जिभेला तो नव्हताच.

शुद्धी झाली की चारही चाकांखाली एकेक मंतरलेलं लिंबू ठेवायचं आणि ते चिरडून गाडी पुढं न्यायची. लिंबू चिरडायची रीत जुनीच आहे, नव्या गाडीला सगळेच करतात, म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दोन-तीन दिवसांनी त्याच गाडीचं एखादं चाक बसायचं. मालक घाबरून पुन्हा मांडवात यायचा. महाराज डोळे मिटून निदान करायचे, "बाहेरची हवा लागली." चाकातली आतली हवा निघून गेली, तर त्याला बाहेरची हवा लागली कशी म्हणायची, हे एकानंही विचारलं नाही. पंक्चर काढायचं कामही मांडवामागे पडद्याआड व्हायचं. ते बघितलं तर बाधा आपल्यावर उलटते, असं शिष्य सांगत.

महिन्यापूर्वी याच मांडवासमोर सुलेखाच्या व्हॅनचं झिजलेलं पुढचं चाक बसलं होतं. रस्त्यावर पडलेल्या एका लिंबावरून ते गेलं होतं. शिष्य धावत आले, हात लावू नका म्हणाले, आधी महाराजांना विचारा म्हणाले. सुलेखानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. मागच्या चाकाला दगड लावला, नट सैल केले, जॅक चढवला, स्टेपनी घातली आणि पंधरा मिनिटांत हात पुसून मोकळी झाली. जमलेली गर्दी महाराजांना सोडून तिच्याकडे बघत राहिली. टायरातून नवाकोरा, चपट्या डोक्याचा खिळा निघाला होता आणि त्याला लिंबाची साल चिकटलेली होती. तो तिनं जपून ठेवला.

महाराजांनी तो अपमान गिळला नाही. पुढच्याच प्रवचनात त्यांनी जाहीर केलं की बोरदरीच्या व्हॅनमध्ये बाधा आहे आणि तिचं मूळ चालवणारीच्या हातात आहे. "चाकाला बाईचा हात चालत नाही," ते म्हणाले, "आन् त्यातही असला..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. असला म्हणजे कसला, ते सगळ्यांना कळलं. सुलेखाचं घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं? ज्या तोंडानं पुरुषार्थाच्या गप्पा मारायच्या त्याच तोंडानं हे ओकायचं. ऐकणाऱ्यांतला एकही माणूस उठून गेला नाही.

बारावीचा पहिला पेपर बुधवारी होता. रविवारी तात्यासाहेब सुलेखाच्या दारात आले. गावात त्यांचा शब्द चाले, आणि त्यांची नात मनस्विनी त्या सात मुलींपैकी एक होती. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःची नवी मोटार चारदा मांडवात नेऊन आला होता. बाकीच्या घरच्यांनीही मुलींना पाठवायला नकार दिल्याचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. मंगळवारी अमावास्या आहे, महाराजांनी व्हॅन शुद्ध करून दिली तर पोरी जातील, नाहीतर नाही, असा निरोप होता.

सुलेखाला आधी संताप आला. मग सकाळीच भेटून गेलेल्या मनस्विनीच्या रडून सुजलेल्या डोळ्यांची आठवण झाली. तिनं फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही सोता याल का? माझ्या शेजारी उभं राहाल का?"

"येतो की," तात्यासाहेब म्हणाले.

मंगळवारी व्हॅन मांडवात लागली. महाराजांचे डोळे लकाकले. अभिषेक झाला, चाकांखाली लिंबं सरकवली गेली. मग सगळ्यांनी गाडीकडे पाठ करून, डोळे मिटून, एकशे आठ वेळा चक्रनाम घ्यायचं होतं. सुलेखानं पाठ केली, डोळेही मिटले, पण नाम घेतलं नाही. ती कान देऊन उभी होती. शिष्य गोमूत्र शिंपडत व्हॅनमध्ये शिरला आणि नामाच्या त्या गोंगाटातही तिला एक बारीकसा 'टक्' ऐकू आला. तो आवाज तिच्या हाडामासात मुरलेला होता.

तिनं चावी फिरवली. घर्र-घर्र. गाडी लागली नाही.

"बघा," महाराज गर्दीकडे वळून म्हणाले, "हिच्या हाताखाली गाडीनं प्राण सोडला." शिष्यानं अंगाऱ्याचं ताट पुढं केलं. महाराजांनी मूठ भरली आणि व्हॅनकडे पाऊल टाकलं.

सुलेखा दारात आडवी उभी राहिली. "तुम्ही बसा महाराज. आधी मला बघू द्या."

ती खाली वाकली. उजव्या गुडघ्याशी असलेल्या फ्यूज बॉक्सचं झाकण उघडलं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी होती. तिनं पदराच्या गाठीतून एक नवा फ्यूज काढला, जागेवर दाबला आणि चावी फिरवली. इंजिन एका दमात लागलं. मग तिनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरली.

"आता मूठ उघडा," ती म्हणाली.

महाराज म्हणाले की अंगाऱ्यावर अपवित्र नजर पडली तर अनर्थ होईल, गाव जळेल, पाऊस येणार नाही. पाऊस तसाही दोन वर्षं आला नव्हता. कुणी कुणावर मूठ मारली, यावरून त्या पंचक्रोशीत डोकी फुटली होती, पण मूठ उघडून बघायची बुद्धी आजवर कुणाला झाली नव्हती. तात्यासाहेब पुढं झाले. त्यांनी महाराजांचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवलं. अंगाऱ्यात नखाएवढा निळा तुकडा होता, दोन पत्र्याचे पाय असलेला.

"हा माझ्या गाडीचा फ्यूज," सुलेखा लोकांना म्हणाली. "ह्याच्या पोटात एक बारीक तार असती. करंट जास्त झाला की ती आधी जळती आन् बाकीची वायरिंग वाचती. जळला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालायचा, बस. ह्यो तर जळलाबी नाय. तुम्ही डोळे मिटले तवा त्या शिष्यानं उपटला, ताटातून ह्यांना दिला, आन् पुन्हा लावून द्यायचा म्हणजे झाला चमत्कार. चार-चारदा गाड्या उठल्या त्या अशाच."

मग तिनं चाकांखालची लिंबं काढून पिळली. तीन लिंबांतून रस निघाला. चौथं पिळताना तिच्या बोटातून रक्त आलं. आत चपट्या डोक्याचा खिळा होता, डोकं खाली आणि टोक वर. रस्त्यावर पडलेला खिळा आडवा असतो, एखादवेळी चाक त्यावरून निसटून जातं. लिंबातला खिळा मात्र उभा राहतो आणि गाडीचा सगळा भार त्याच्यावर येतो. नव्या टायरात तो रुतून बसला की हवा हळूहळू जाते आणि दोन-तीन दिवसांनी चाक बसतं. सुलेखानं पर्समधला महिन्यापूर्वीचा खिळा काढून शेजारी ठेवला. दोन्ही एकाच जातीचे होते.

गर्दीतून सारजाबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. इतका वेळ ती महाराजांचा चेहरा निरखत होती. "आरं, ह्यो तर मोतीराम," ती म्हणाली. "बायपासला पंक्चरचं दुकान व्हतं ह्याचं. तवा खिळे रस्त्यावर टाकायचा, आता लिंबात घालतो व्हय?"

कुणीतरी हसलं. तात्यासाहेब हसले नाहीत. आपली मोटार चारदा इथं आणली, चारदा या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्याच्याच सांगण्यावरून नातीची परीक्षा बुडवायला निघालो, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सगळ्यात ओंगळ गोष्ट तर पुढंच घडली. एवढं उघड्यावर आल्यानंतरही दोन माणसं मोतीरामच्या पाया पडली. महाराज आपली परीक्षा बघत होते, असं त्या दोघांचं म्हणणं होतं. एकानं तर जाता जाता चाकाखालच्या चिखलातलं पाणी बाटलीत भरून घेतलं. सुलेखानं तोंड फिरवलं.

तात्यासाहेबांनी स्वतः पोलिसांत तक्रार दिली, पण तोवर मोतीराम पसार झाला होता. पुढं कानावर आलं की तो दूर कुठल्याशा गावात बोअरच्या बंद पडलेल्या मोटारी उठवतो. दुष्काळात त्याला गिऱ्हाइकांची काय वाण!

बुधवारी सकाळी व्हॅनमध्ये सातही मुली होत्या आणि पुढच्या सीटवर तात्यासाहेब. ते मागच्या मुलींना धीर देत होते, पण हात मांडीवर घट्ट आवळलेले होते. शहराच्या तोंडाशी, हर्सूलच्या अलीकडे गाडी एका बाजूला ओढू लागली. मागचं चाक बसलं होतं. तात्यासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, ओठ हलू लागले.

मनस्विनी दार उघडून केव्हाच उतरली होती. "आजोबा, खाली उतरा," ती म्हणाली. "आत माणूस बसलेलं असताना जॅक लावत नसतात."

ते उतरले. एकीनं पुढच्या चाकाला दगड लावला, दुसरीनं स्टेपनी काढली. मनस्विनीनं पान्ह्यावर पाय देऊन नट सैल केले. हे सगळं त्यांना सुलेखानं वर्षभरात शिकवलेलं होतं, घरी मात्र कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बसलेल्या चाकात एक गंजका, वाकडा खिळा निघाला. तात्यासाहेब तो हातात घेऊन बघत राहिले.

"ह्यो कुणी ठेवला असंल?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणीच नाय, तात्यासाहेब," सुलेखा म्हणाली. "रस्त्याच्या दोन्ही अंगांनी बांधकामं चालू हायेत, खिळे सांडतात. खिळ्याला अमावास्या कळत नाय, बाई-बाप्या कळत नाय, कुणाचं घर कुठल्या आळीत हाये तेबी कळत नाय. अडलं की उघडून बघायचं, कारण शोधायचं आन् दुरुस्त करायचं. डोळे मिटा म्हणणाऱ्यापुढं मात्र कधी मिटायचे नाय. मला एवढंच सांगायचं व्हतं, पण ते तुमाला पटवायला मला त्या चिखलात उभं राहावं लागलं."

तात्यासाहेबांनी काळं, कालच्या चिखलानं माखलेलं चाक दोन्ही हातांनी उचललं, पांढऱ्याशुभ्र धोतराला घासत मागं नेऊन ठेवलं आणि परत येऊन सुलेखापुढं हात पसरला.

"पान्हा दे इकडं," ते म्हणाले. "शेवटचा नट मी आवळतो."

तिनं पान्हा दिला. त्यांनी बळ लावलं.

"उलटा फिरवताय, आजोबा," मनस्विनी म्हणाली. "उजवीकडं."