एक मिलिमीटर कमी

गुणाजींनी प्लायवुडच्या चौकोनावरचा भुसा फुंकरीने उडवला, चष्मा कपाळावर ढकलला आणि स्टीलची पट्टी कडेला लावली. आधी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा.

"नव्याण्णव," त्यांनी निकाल दिला. "शंभर मागितले, मशीनने नव्याण्णव दिले. एक मिलिमीटर खाल्ला."

उत्तराचा चेहरा उतरला. आठ महिने खपून नातीने हे यंत्र घरच्या घरी उभं केलं होतं. ठाकुर्लीच्या तळमजल्यावरच्या त्या घराची मागची बाल्कनी तिने त्यापायी अडवली होती. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, की फिरतं पातं तीच आकृती लाकडातून कापून काढणार. आज पहिली परीक्षा, आणि पहिलं गिऱ्हाईक समोर बसलेलं.

गिऱ्हाईक म्हणजे वरच्या मजल्यावरचे रत्नदीप. विहाराच्या वाचनालयासाठी त्यांना चोवीस आऱ्यांचं धम्मचक्र हवं होतं. पितळेचं कडं तयार होतं; लाकडी चक्र त्यात नेमकं बसायला हवं. सागाची फळी त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती. वडिलांच्या पलंगाची. तशी दुसरी नव्हती.

"माझ्या डिजिटल कॅलिपरवर माप शंभर येतंय, आजोबा. हे बघा ना, शंभर पॉइंट शून्य दोन!"

"सेलवर चालणारं ते. सेल म्हातारा झाला की माप घसरणारच. ही पट्टी बघ. ठाण्याच्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, अडतीस वर्षं हिच्यावर लाकडी साचे घडवले. मी तासलेल्या जोडात मुंगी शिरली तर आडवी होऊन जायची. एकदा साहेबाला जोडच सापडेना. भिंग मागवलं, तरी सापडेना. शेवटी भिंग परत केलं."

रत्नदीप हसले, पण फळीवरचा हात काही निघाला नाही.

"उत्तरा, राग मानू नकोस. पण काकांची पट्टी ती काकांची पट्टी. बिल्डरची चोरी हिनेच पकडलेली ना!"

तेही खरंच. रिटायर झाल्यावर गुणाजींनी हौसेने घर मोजलं, तर तीन मीटरची प्रत्येक भिंत तीन सेंटीमीटर तोकडी निघाली. अकरा वर्षं ते हे जिन्याजिन्यात सांगत होते. सांगता सांगता तिनाचे पाच झाले होते.

उत्तराने पट्टी मागून घेतली. खिडकीशी नेऊन उलटसुलट केली, मागच्या बाजूवर अंगठा घासला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. परत आली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले होते, जणू तोंडात लिमलेटची गोळी होती.

"अजून एकच चौकोन कापू द्या, रत्नदीपकाका. हा चुकला तर फळी घेऊन जा."

कॉम्प्युटरचा पडदा पाठीने झाकून तिने काहीतरी बदललं. यंत्र घरघरलं. नवा चौकोन गुणाजींच्या हातात आला, त्याला पट्टी लागली.

"शंभर! केसाचाही फरक नाही!" गुणाजींनी मांडीवर थाप मारली. "दोन शब्द सुनावले की सुधारतं, मशीन असो की माणूस. द्या हो फळी, मी सांगतो."

तासाभरात चक्र तयार झालं. उत्तराने ते कड्यात ठेवून अंगठ्यांनी दाबलं. टक्. रत्नदीपांनी सांध्यावरून नख फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही. "भुसा गेला डोळ्यात," असं म्हणत ते चक्र छातीशी धरून जिना चढले.

चहा होईपर्यंत गुणाजी पसारा आवरायला बसले. दोन्ही चौकोन एकावर एक ठेवले, तर दुसरा पहिल्याबाहेर डोकावत होता. पुरता एक मिलिमीटर. मशीन मोठं कापत होतं, तर चक्र कड्यात बसलं कसं?

त्यांनी पट्टी उलटी केली. अंगठ्याने घासलेल्या जागी बारीक अक्षरं चमकत होती: फक्त बिडाच्या साच्यांसाठी, शंभराला एक जास्त.

वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आक्रसतं, म्हणून साचा मोठा करायचा. म्हणून साचेवाल्याची पट्टीच मुळात लांब असते, खरे शंभर तिच्यावर नव्याण्णवच दिसतात. हे त्यांनी स्वतः किती नव्या पोरांना शिकवलं होतं!

गुणाजींनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. अकरा वर्षं बदनामी सोसून ती निमूट उभी होती.

उत्तराने चहा आणून ठेवला. तेवढ्यात खिडकीतून सोसायटीची सेक्रेटरी रचना डोकावली.

"काका, संध्याकाळच्या मीटिंगला पट्टी घेऊन या हं! बिल्डरचा माणूस येतोय."

पट्टी उशीखाली गेली.

"अगं, आताच पुन्हा मोजल्या भिंती. भरल्या सगळ्या."

"भरल्या म्हणजे?"

"सिमेंट मुरतं. अकराव्या वर्षी फुगतं. आमच्या ठाण्यात एकाची खोली इतकी वाढली, की शेजारणीची फोडणी याच्या ओट्यावर पडायला लागली."

उत्तराने कपात बघत विचारलं, "किती वाढतं हो, आजोबा?"

"शंभराला एक," गुणाजी म्हणाले आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.