दुसऱ्यांदा दिलेली साक्ष

लिफ्टमिस्त्रीने तीस वर्षांत शेकडो इमारती पोटातून पाहिल्या होत्या. मागच्या दाराने शिरायचं, मागच्या दाराने निघायचं, आणि कुणी विचारलंच तर "लिफ्टवाला" एवढीच ओळख सांगायची. संसदेच्या इमारतीत मात्र त्याला पुढच्या दारातून "या, तुमचीच वाट पाहत होतो" म्हणून नेलं, तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. आपल्यामागून कुणी मोठा माणूस येत असावा, असं त्याला वाटलं.

भावजय खाली भेटीच्या दालनात बसली. समितीपुढची साक्ष बंद दाराआड होते, त्यामुळे तिला वर सोडलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा, म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ, लिफ्टखालच्या खड्ड्यात काम करताना गेला होता. लिफ्टच्या सुरक्षेचा कायदा येतोय असं कळल्यावर तिनेच समितीला पत्र लिहिलं होतं आणि साक्षीला थोरल्या दिराचं नाव सुचवलं होतं.

"घाबरू नका, भाऊजी. तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं कुणालाच नाही," ती म्हणाली. मिस्त्रीने तिच्याकडे न पाहता जिन्याची वाट धरली.

समितीची अधिकारी पन्नाशीची, चष्मा डोक्यावर चढवून तोच शोधणारी बाई होती. जिना चढता चढता तिने त्याला सगळं समजावलं. पाच-सहाशे माणसांच्या सभागृहात कायद्याचा एकेक शब्द चाळत बसता येत नाही, म्हणून दोन्ही सभागृहांनी मिळून एक समिती नेमायची. कनिष्ठ सभागृहातले वीस, वरिष्ठातले दहा. त्यातही सगळ्या पक्षांचे, ज्याच्या त्याच्या संख्येच्या मानाने. या तिसांनी जाणत्या माणसांना बोलवायचं, विचारायचं, कलमामागून कलम घासूनपुसून घ्यायचं आणि अहवाल पुन्हा दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा.

"आणि तीसच्या तीस येतात?" मिस्त्रीने विचारलं.

"देवाचं नाव घ्या!" बाई हसली. "पण एक तृतीयांश लागतातच. दहा. नऊ असले तर ती समिती नव्हे, नुसती गप्पा मारणारी माणसं."

खोलीत घोड्याच्या नालेच्या आकाराचं लांबलचक टेबल होतं. टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी दोन माणसं तिथे शेजारी बसून एकाच टोकयंत्रात पेन्सिलींना टोक करत होती. मिस्त्री बघतच राहिला. टेबलावर कायद्याचा मसुदा होता, त्यावर सगळ्यांच्या हातच्या खुणा, बाण, फुल्या. आपल्या वर्कशॉपमधल्या नकाशावर असतात तशाच. म्हणजे ही माणसंही कारागीरच की, त्याला वाटलं. कायदा आकाशातून पडतो असंच तो आजवर समजत आला होता.

अध्यक्षबाईंनी शपथ दिली आणि अकरावं कलम वाचलं: दुरुस्ती चालू असताना मुख्य स्विचची किल्ली जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी.

"तुमचं म्हणणं काय, मिस्त्री?"

"किल्ली खाली उतरलेल्या माणसाच्याच खिशात पाहिजे, बाई. दुसऱ्या कुणाकडे नको." मग त्याने घसा साफ केला आणि धाकट्याची गोष्ट सांगितली. आठ मजल्यांची इमारत, लिफ्टखालचा खड्डा. "तो खाली होता. वर कुणीतरी किल्ली फिरवली."

"कुणीतरी म्हणजे बेजबाबदार माणूस," कोपऱ्यातले एक सदस्य म्हणाले. "पण मसुद्यात तर जबाबदार व्यक्ती असंच म्हटलंय. मग अडचण कुठे आहे?"

उत्तर मिस्त्रीकडे होतं. अकरा वर्षं होतं. पण ते बाहेर आलं नाही. अध्यक्षबाई थोडं थांबल्या आणि त्यांनी अकराव्या कलमापुढे छोटीशी बरोबरची खूण केली. आहे तसंच ठेवायचं, असा तिचा अर्थ. ती खूण त्याला लांबूनही दिसली.

तेवढ्यात समितीची अधिकारी उभी राहिली. तिच्या हातात हजेरीचं पुस्तक होतं.

"अध्यक्षबाई, माझी चूक झाली आहे. कोरम नाही."

"असं कसं? दहा आहेत."

तिने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे वरिष्ठ सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य बसले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. अठरा वर्षं ते सभागृहात होते आणि ही समिती नेमल्यापासून याच खुर्चीत बसत आले होते. गुरुजींची मुदत काल संपली होती. काल त्यांचा निरोप समारंभ झाला, हार पडले, भाषणं झाली, स्वतः गुरुजींचे डोळे भरून आले. आणि आज सकाळी बैलाने गोठ्याची वाट धरावी तसे ते सवयीने खोलीत आले, सही केली, पेन्सिल घेतली. काल टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. सभागृहातून गेलेला माणूस त्या क्षणापासून समितीतूनही जातो. त्यांना सोडून माणसं नऊच भरत होती.

कोणी हसलं नाही. गुरुजी हळूहळू उठले.

"खरं आहे. मी इथे परका आहे. परक्याने साक्ष ऐकायची नसते." त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"अहो गुरुजी, पाच मिनिटांचा तर प्रश्न," कोपऱ्यातले सदस्य कुजबुजले. "अळीमिळी गुपचिळी. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना," अधिकारी म्हणाली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतली ही तिची पहिली चूक, आणि ती तिने आपल्या तोंडाने सगळ्यांसमोर सांगितली होती. "एवढ्या वेळात लिहून घेतलं ते साक्ष म्हणून धरता येणार नाही. दहावा सदस्य आला की पुन्हा पहिल्यापासून. शपथसुद्धा."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. टंकलेखकाने चार पानं काढून बाजूला केली. मिस्त्रीने त्या पानांकडे पाहिलं. "कुणीतरी किल्ली फिरवली" हे वाक्य त्यांतच कुठेतरी होतं आणि ते आता बोललंच गेलं नव्हतं. केवढी ही जागा, त्याच्या मनात आलं. एका म्हाताऱ्याची खुर्ची एका दिवसाने चुकली तर इथे झालेलं बोलणं पुसून टाकतात. ही माणसं नियम एवढा जपतात, आणि आपण यांना काय दिलं?

वीस मिनिटांनी दार उघडलं. ग्रंथालयात बसलेल्या एका लठ्ठ सदस्याला गुरुजी स्वतः हाताला धरून घेऊन आले होते. त्या सदस्याला धाप लागली होती. गुरुजींनी त्याला उंबऱ्याच्या आत ढकललं, स्वतः बाहेर राहिले आणि दार ओढून घेतलं.

मिस्त्रीने पुन्हा शपथ घेतली. अकरावं कलम पुन्हा वाचलं गेलं.

"तुमचं म्हणणं काय, मिस्त्री?"

"धाकट्याचं काम उरकलं. तो वर आला. आम्ही दोघांनी चहा घेतला." त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मी स्विचच्या पॅनेलकडे गेलो. त्याचा पाना खाली राहिला होता, तो आणायला तो परत उतरला. मला न सांगता. आठव्या मजल्यावर लोक खोळंबले होते. किल्ली माझ्याकडे होती."

टंकलेखकाची बोटं थांबली.

"मीच फिरवली."

मग मिस्त्रीच पुढे बोलला.

"तोवर एकोणीस वर्षं काम करत होतो, बाई. एक अपघात नाही, एक तक्रार नाही. भावावर माझा जीव होता. तुमच्या कलमातली जबाबदार व्यक्ती म्हणजे मीच. माझ्यापेक्षा जास्त जबाबदार माणूस कुठून आणणार?"

कोपऱ्यातल्या सदस्यांनी मान खाली घातली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी रबर घेतलं आणि मघाची खूण खोडली. पुढचा विचार समितीने आपसात करायचा होता, म्हणून साक्षीदाराला त्यांनी उभं राहून निरोप दिला. बाकीचे नऊही उभे राहिले.

बाहेर अधिकारीबाईने त्याला साक्षीची पानं वाचायला दिली. "एखादा शब्द चुकला असेल तर दुरुस्त करा. नंतर हे अहवालाबरोबर छापलं जाईल, दोन्ही सभागृहांपुढे जाईल. त्याला महिना तरी लागेल. तोवर समितीत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही."

मिस्त्रीने पानं दोनदा वाचली. "मीच फिरवली" असं काळ्या शाईत स्वच्छ उमटलं होतं. त्याने सही केली.

"बाई, घरीसुद्धा नाही बोलायचं?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "समितीत काय झालं ते नाही. तुमच्या घरी काय झालं, ते तुमचंच आहे."

तो जिना उतरला. एकेका पायरीवर थांबत, तरी उतरला. भावजय लगबगीने उठली.

"झालं, भाऊजी? ऐकलं त्यांनी? किल्लीचं मानलं का?"

"ते महिन्याने कळेल. तू खाली बस."

"काय झालं?"

"बस आधी," मिस्त्री म्हणाला आणि तिच्यासमोर उभा राहिला, शपथेला राहिला होता तसाच ताठ. "त्या दिवशी तो पाना आणायला परत खाली उतरला होता. आणि किल्ली मी फिरवली."